अवजारे बँकेच्या यंत्रांचा माग : ट्रॅकर निवडीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

कालच्या संचालक मंडळाच्या बैठकीत विषय मंजूर झाला. अवजारे बँक म्हणजे सभासदांना यंत्रं भाड्याने देणारी सोय. तिच्या यंत्रांना चोरीपासून जपण्यासाठी ट्रॅकर, म्हणजे यंत्र कुठे आहे ते कळवणारी उपकरणं, बसवायचे आहेत. कोणते, किती आणि कुठे, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की फवारणीचे ब्लोअर शेडमध्ये थांबतच नाहीत, म्हणून पहिला टप्पा दसऱ्याच्या आसपास उरकायचा आहे.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी निफाड तालुक्यातली, शेड गावाबाहेर कादवा नदीच्या अंगाला. शेडमध्ये दोन ट्रॅक्टर, तीन ओढायचे फवारणी ब्लोअर, चार रोटाव्हेटर, छाटणीच्या काड्यांची कुट्टी करणारं श्रेडर आणि दोन ट्रॉल्या. काही यंत्रं सभासदांच्या भागभांडवलातून आली, काही यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून. अनुदानाचं यंत्र पडताळणीला जागेवर दाखवावं लागतं. ते चोरीला गेलं तर पैसे जातातच, शिवाय कागदपत्रांचा व्याप मागे लागतो.

यादी करतानाच एक गोष्ट ठळक झाली. ट्रॅक्टरला बॅटरी आहे, बाकी कशालाच वीज नाही. ब्लोअर आणि रोटाव्हेटर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतात, ट्रॅक्टरपासून सुटले की निव्वळ लोखंड. बाजारातले बहुतेक ट्रॅकर गाडीच्या बॅटरीवर चालणारे. म्हणजे आपल्या निम्म्याहून जास्त यंत्रांना ते जोडताच येणार नाहीत.

७ ऑगस्ट

मागच्या पावसाळ्यात गेलेल्या रोटाव्हेटरची हकिगत आप्पांकडून पुन्हा नीट ऐकून लिहून काढली. प्रकल्पाची दिशा त्यातूनच ठरणार आहे.

रोटाव्हेटर एका सभासदाच्या बांधावर उभा होता. काम अर्धं झालं, पाऊस लागला, ट्रॅक्टर चिखलात जाईना म्हणून अवजार तिथेच सोडलं. वाफसा यायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी जागेवर फक्त चाकांच्या खुणा. कोणत्या रात्री गेला हेच सांगता येईना, त्यामुळे फिर्यादीत चोरीची वेळ लिहितानाच गाडी अडली. उत्पादकाच्या लोखंडी पट्टीवरचा अनुक्रमांक बिलावर होता, पण ती पट्टी चार रिव्हेटांवर असते. छिन्नीचा एक घाव आणि ओळख संपली. ट्रॅक्टरला आरसी असते, चेसिस नंबर असतो. रोटाव्हेटरला आरटीओत नोंदच नाही.

पाच-सहा फुटी रोटाव्हेटरचं वजन चारशे किलोच्या आसपास भरतं. दोन माणसांनी उचलून पळण्यातला हा माल नाही. सहा-सात गडी लागतात, नाहीतर ट्रॅक्टर किंवा चेनपुली लावलेली पिकअप. म्हणजे चोराला जागेवर वेळ काढावाच लागतो. तो वेळ आपल्या उपयोगाचा आहे.

आजपासून वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे समोरासमोर लिहिणार आहे. एका बाजूला यंत्र हलल्यापासून आपला माणूस तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ, दुसऱ्या बाजूला यंत्र गाडीत चढवून निघायला चोराला लागणारा वेळ. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान झाला तर चोरी थांबते. नाही झाला तर फक्त शोध घेता येतो. कोणत्या यंत्रासाठी यातलं काय शक्य आहे, त्यावर उपकरण ठरेल.

१२ ऑगस्ट

दिवसभर माहिती गोळा केली. मंडळाला समजावून सांगायला सोपं पडावं म्हणून इथे लिहून ठेवतो.

बऱ्याच सभासदांचा समज असा की ट्रॅकर थेट उपग्रहाशी बोलतो. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त संदेश सोडत राहतात. ट्रॅकर ते ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो. ती जागा आपल्याला कळवायला त्याला मोबाइलचं नेटवर्क लागतं. आभाळ मोकळं असून टॉवर नसेल तर ट्रॅकरला स्वतःला ठाऊक असतं तो कुठे आहे, आपल्याला नसतं. चांगलं उपकरण अशा वेळी जागा साठवून ठेवतं आणि रेंज आली की सगळं एकदम पाठवतं. पेठ-सुरगाण्याच्या बाजूने गुजरातकडे जाणाऱ्या घाटरस्त्यांचा विचार करता ही सोय हवीच.

आपल्या इस्रोच्या नाविक या उपग्रहमालिकेचा विषय नानांनी काढला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविक उपग्रह एल-१ या वारंवारतेवरही संदेश देऊ लागले आहेत, आणि छोट्या उपकरणांच्या चिप त्याच पट्ट्यात ऐकतात. आमच्या कामासाठी जीपीएसच्या जोडीला आणखी एखादी उपग्रहमालिका ऐकणारी चिप पुरे. द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा शेडच्या पत्र्याला लागून आभाळाचा तुकडाच दिसतो, तेव्हा जितके जास्त उपग्रह तितकं बरं.

एका तरुण सभासदाने ॲपलच्या एअरटॅगची शिफारस केली. स्वस्त, नाण्याएवढं, बटणसेलवर वर्षभर चालतं. पण त्यात ना जीपीएस, ना सिम. आजूबाजूने जाणाऱ्या लोकांचे आयफोन त्याची खूण ऐकून जागा कळवतात. बांधावर रात्री कोण आयफोन घेऊन फिरणार? दुसरी अडचण मोठी आहे. कुणी कुणाचा चोरून पाठलाग करू नये म्हणून हे उपकरण अनोळखी माणसासोबत फिरू लागलं की त्याच्या फोनवर सूचना देतं. आयफोनवर ही सोय होतीच, जुलै २०२३ पासून अँड्रॉइडवरही आली. माणसांच्या सुरक्षेसाठी ती अगदी योग्य आहे, पण आमच्या बाबतीत पहिली खबर चोरालाच लागेल. नाही घ्यायचं.

लोरा या कमी विजेत दूरवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओ तंत्रावर चालणारे टॅगही पाहिले. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो आणि बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. पण स्वतःचा गेटवे, म्हणजे टॅगचे संदेश झेलणारं यंत्र, उभारावा लागतो. यंत्र गेटवेच्या टप्प्याबाहेर गेलं की माग तुटतो, आणि आम्हाला तर माग तिथूनच पुढे हवा आहे.

विहिरीवरच्या मोटारीच्या तांब्याच्या केबलीला ट्रॅकर लावता येईल का, असंही कुणीतरी विचारलं. केबल कापून तांबं वितळवलं जातं, तिथे ट्रॅकरचा उपयोग नाही.

१९ ऑगस्ट

नेटवर्कची पाहणी. शेड, नदीकाठचा पट्टा आणि गावाच्या वरच्या अंगाचे मळे फिरलो, हातात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे फोन.

ट्रॅकर टूजी घ्यावा की फोरजी, हा प्रश्न वाटला त्यापेक्षा महत्त्वाचा निघाला. जिओचं जाळं पहिल्यापासून फोरजी आणि त्यापुढचं, त्यांच्याकडे टूजी नाहीच. एअरटेल आणि व्हीआयकडे टूजी अजून आहे. स्वस्त ट्रॅकर टूजीच असतात. ते जिओच्या टॉवरखाली उभे असले तरी मुके. शिवाय टूजी मॉडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, थकलेल्या बॅटरीला ते झेपत नाही आणि ऐन वेळी उपकरण बंद पडून पुन्हा सुरू होतं. निर्णय: फोरजी, आणि फोरजी नसेल तिथे टूजीवर उतरणारं.

परदेशी संकेतस्थळावरून मागवलेला एक ट्रॅकर एका पाहुण्याने दाखवला. त्याच्या माहितीपत्रकात फोरजीचे बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, २, ४, १२, १३ लिहिलेले, हे सगळे अमेरिकेचे. आपल्याकडे ३, ५, ८, ४०, ४१ लागतात. घेताना नुसतं फोरजी असं वाचून भागत नाही, बँडचे आकडे वाचायचे.

सिम साधं नको, यंत्रांसाठीचं एमटूएम हवं. त्याचा क्रमांक तेरा आकडी असतो. त्यावरून कुठेही फोन किंवा मेसेज करता येत नाही, ठरवून दिलेल्या क्रमांकांपुरतंच ते चालतं. कुणी उपकरण फोडून सिम काढलं तरी त्याला उपयोग शून्य. दोन नेटवर्कवर फिरणारं ई-सिम असलेलं उपकरण मिळालं तर त्याला पहिली पसंती, कारण वरच्या मळ्यात एका कंपनीची रेंज होती तिथे दुसरीची नव्हती, आणि नदीकाठी नेमकं उलट.

२५ ऑगस्ट

बॅटरीचं गणित. माहितीपत्रकावर पाच वर्षं आयुष्य असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते कोणत्या वापरावर, हे तळाशी बारीक टाइपात.

नमुन्यासाठी लिथियम थायोनिल क्लोराइडचा एक मोठा सेल धरला: ३.६ व्होल्ट, १९ अँपिअर-तास, म्हणजे १९,००० मिलिअँपिअर-तास. झोपेतला खर्च नगण्य, दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-तासही नाही. एकदा जागं होऊन जागा शोधायची आणि पाठवायची, तर जीपीएसचे चाळीसेक सेकंद आणि मॉडेमचे वीसेक सेकंद मिळून साधारण १.१ मिलिअँपिअर-तास. आता दर तासाला एक नोंद धरली तर दिवसाला सुमारे २७, बॅटरी दोन वर्षांच्या जरा आत संपते. दर पाच मिनिटांनी धरली तर दिवसाला ३१७, दोन महिन्यांत खेळ खलास. दर मिनिटाला धरली तर बारा दिवस. रेंज कमजोर असेल तर मॉडेमला जास्त वेळ झगडावं लागतं, खर्च कितीतरी पट वाढतो. दिवसाला एकच नोंद ठेवली तर कागदावर उत्तर तीस वर्षं येतं, पण सेल स्वतःही झिजतो, त्यामुळे पाच वर्षं हा दावा तेवढ्यापुरता खरा.

दिवसाला एक नोंद देणारा ट्रॅकर चोरी झाल्याचं दुसऱ्या दिवशी सांगणार. दर मिनिटाला सांगणारा पंधरवड्यात झोपणार. यावरचा तोडगा म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर. यंत्र स्थिर आहे तोवर गाढ झोप, हललं की जाग, आणि मग दर मिनिटाला नोंद. वीज नसलेल्या यंत्रांसाठी हेच घ्यायचं, याबद्दल आता मनात शंका नाही.

या सेलबद्दल आणखी दोन गोष्टी. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापमान बरंच चढतं, आणि चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं त्यांचे उत्पादकच सांगतात. थायोनिल क्लोराइडचा सेल उष्णता सोसतो, चार्जिंगचा प्रश्नच नाही. पण तो फार काळ निजून राहिला की आत एक पातळ थर धरतो आणि अचानक जास्त करंट मागितला तर व्होल्टेज कोसळतो. म्हणून त्याच्या जोडीला क्षणभराची वीज साठवणारा कपॅसिटर असलेलंच उपकरण घ्यायचं. विक्रेत्यांना हा प्रश्न विचारला की कोण माहितीने विकतो आणि कोण खोकं विकतो, ते लगेच कळतं.

१ सप्टेंबर

गणपतीमुळे बाजारपेठ सुस्त, फोनवर कोटेशन मागवली.

प्रत्येक विक्रेता इंजिन बंद करायची सोय पुढे करतो: मोबाइलवरून बटण दाबा, ट्रॅक्टर जागेवर थांबेल. आमचा जुना ट्रॅक्टर यांत्रिक डिझेल पंपाचा आहे, बंद करायला स्टॉपर ओढावा लागतो. एकदा सुरू झाला की त्याला वीज लागतच नाही. चावीची वायर तोडून तो थांबायचा नाही. स्टार्टरच्या वायरीत रिले, म्हणजे दुरून चालणारा विजेचा स्विच, टाकला तर तो सुरू होऊ देत नाही, एवढंच साधतं; उतारावरून ढकलून सुरू करणारा करेलच. नव्या ट्रॅक्टरला बंद करायची सोय विजेवर आहे, पण चालत्या ट्रॅक्टरचं डिझेल तोडायला माझा ठाम विरोध आहे. मागे भरलेली ट्रॉली, रस्ता चढाचा, आणि कुणीतरी घरात बसून बटण दाबतंय. चोर असला तरी माणूस आहे, आणि रस्त्यावर इतरही माणसं आहेत. दोन्ही ट्रॅक्टरना फक्त स्टार्टर रोखणारा रिले.

ही भीती निव्वळ माझ्या मनातली नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने एका खपाच्या ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता. उपकरणाचा मूळ पासवर्ड १२३४५६, बहुतेकांनी तो बदललेला नाही, आणि शिवाय आतच कोरलेला एक सर्वसाधारण पासवर्ड. तिऱ्हाईत माणूस गाडी कुठे आहे ते पाहू शकत होता आणि इंधनही तोडू शकत होता. म्हणून कोटेशनच्या मसुद्यात अट घातली: पासवर्ड बदलता आलाच पाहिजे, साध्या मेसेजवर हुकूम घेणारी सोय बंद करता आली पाहिजे, आणि माहिती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहते ते लेखी द्यायचं.

एआयएस-१४० प्रमाणपत्राचं उपकरण घ्यावं का, यावर बरीच चर्चा झाली. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं ट्रॅकरचं हे मानक सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी आहे. शेतीच्या ट्रॅक्टरला त्याची सक्ती नाही. पण त्यात ई-सिम, वीज तोडली तरी चालणारी आतली बॅटरी आणि धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण या गोष्टी तपासलेल्या असतात. ट्रॅक्टरसाठी तोच दर्जा मागायचा, त्यात प्रवाशांसाठी असलेल्या आपत्कालीन बटणाचे पैसे मात्र कापून घ्यायचे.

९ सप्टेंबर

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. बीट अंमलदारांनी आस्थेने वेळ दिला. त्यांच्या बोलण्यातून तीन गोष्टी टिपल्या.

पहिली, अलर्ट आला की आधी ११२. ट्रॅकर पाहत आपण स्वतः पाठलागाला जायचं नाही. रात्री अनोळखी वाटेवर सात-आठ जणांशी गाठ पडली तर काहीही होऊ शकतं. नकाशाचा थेट दुवा पाठवायची सोय असेल तर गस्तीच्या गाडीला फार मदत होते.

दुसरी, हद्दीचा वाद घालत बसू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३. ट्रॅकरच्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे प्रमाणपत्र सेवा देणारी कंपनी देईल का, हा प्रश्न मी कोटेशनच्या अटींत टाकला. एका विक्रेत्याने हो म्हटलं, बाकीच्यांनी हा प्रश्नच पहिल्यांदा ऐकला.

तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटली. ट्रॅकर चार-पाच मीटरच्या आत जागा दाखवेल, पण त्या जागी एका शेडमध्ये सारख्याच रंगाचे सहा रोटाव्हेटर उभे असतील तर तुमचा कोणता, हे कशावरून सांगणार? ओळख पटली नाही तर माल समोर असून ताब्यात मिळायचा नाही.

त्यामुळे ट्रॅकरच्या आधीचं काम ठरलं. प्रत्येक यंत्रावर आपल्या कंपनीची आद्याक्षरं आणि क्रमांक पंचाने ठोकायचे, एकदा सहज दिसेल तिथे आणि एकदा कुणाच्या लक्षात येणार नाही तिथे. त्याचे फोटो, बिल, अनुक्रमांक एका फाइलमध्ये. याला खर्च जवळजवळ नाही.

१५ सप्टेंबर

नमुने आले. बॅटरीवर चालणारे दोन ट्रॅकर, एक ट्रॅक्टरला जोडायचा. आज बसवण्याच्या जागा तपासल्या आणि दिवस फार चांगला गेला.

रोटाव्हेटरची चौकट पोकळ चौकोनी पाइपाची. आत ट्रॅकर सरकवला तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण उपग्रहही दिसत नाहीत. लोखंडाच्या आत रेडिओलहर शिरत नाही. पाइपाच्या तोंडाशी आणला तर जागा मिळाली, पण नकाशावरचा ठिपका शेजारच्या रानात. गिअरबॉक्सच्या वर, टॉप लिंक (अवजार ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) अडकवायच्या उभ्या पट्ट्यांच्या मध्ये बोटभर खोल जागा आहे. तिथे ट्रॅकर ठेवून वरून फायबरचं झाकण केलं, त्याला यंत्राचाच रंग दिला. आता आभाळ वर मोकळं आणि पाहणाऱ्याला ते यंत्राचाच भाग वाटतं. मातीचा थर चढला की आणखी झाकेल. ओल्या चिखलाचा जाड थर मात्र काढायला हवा.

ब्लोअरची गोष्ट वेगळी. टाकी प्लास्टिकची, म्हणून टाकीमागे बसवला. रिकाम्या टाकीला सुंदर चालला. टाकी पाण्याने भरली आणि अर्धे उपग्रह गायब. पाणी हा संदेश शोषून घेतं. चोरी रिकाम्या टाकीची होईल हे खरं, पण भरल्या टाकीवर नोंदी चुकत राहिल्या तर सभासदांचा विश्वास उडेल. शेवटी पंख्याच्या फायबर कव्हरच्या आत, वरच्या बाजूला जागा सापडली.

तिथे दुसरं संकट आहे, कंपनं आणि औषधं. पीटीओ ५४० फेऱ्यांवर आला की पंख्याचं कव्हर थरथरतं. नुसत्या चुंबकावर ट्रॅकर टिकायचा नाही, स्टीलच्या पट्टीने आवळून रिव्हेट मारावे लागतील. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण धातू खातं, गंधकही सोडत नाही. चार्जिंगचं तोंड उघडं असलेलं उपकरण इथे हंगामभरही जगणार नाही. शिवाय प्रत्येक फवारणीनंतर प्रेशर गनने धुणं आलंच. आयपी-६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडून राहणं, दाबाच्या गरम फवाऱ्यासाठीची चाचणी वेगळी, तिला आयपी-६९के म्हणतात. ब्लोअरसाठी तीच मागायची.

२३ सप्टेंबर

रात्रीची चाचणी. शेजारच्या गावातल्या पाहुण्यांना पिकअप आणि माणसं घेऊन बोलावलं, पोलीस ठाण्याला आधी कळवलं. राखणदार आणि आप्पा यांना मुद्दाम काही सांगितलं नव्हतं.

यंत्र पहिल्यांदा हाललं तिथून घड्याळ सुरू केलं. सेन्सर वीस सेकंद सलग हालचालीची खात्री करतो, नाहीतर कुत्रं अंग घासून गेलं तरी आरडाओरड व्हायची. मग जीपीएस जागं होतं. बराच काळ झोपलेल्या जीपीएसला उपग्रहांची ताजी माहिती पुन्हा ऐकावी लागते. ती दर तीस सेकंदांनी फिरून येते, त्यामुळे त्याहून लवकर जागा मिळण्याची आशा धरू नये. मग मॉडेम टॉवर शोधतं. मोबाइलवर सूचना पोहोचली तेव्हा दोन मिनिटं उलटून गेली होती, आणि रोटाव्हेटर अजून पिकअपच्या फळीवरही आला नव्हता. म्हणजे उपकरण वेळेत बोललं.

माणसं उठली नाहीत. ॲपची सूचना एकदा टिंग वाजते आणि संपते. आप्पांच्या फोनने तर बॅटरी वाचवायला ते ॲपच निजवलं होतं. पिकअप भरून फाट्यापर्यंत गेली, मुंबई-आग्रा महामार्गाच्या दिशेने वळली, तरी गाव झोपेत. साठच्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. दर पाच मिनिटांनी नोंद देणारं उपकरण असतं तर दोन ठिपक्यांमध्ये पाच किलोमीटर आणि मधले सगळे फाटे आले असते.

दोन नमुन्यांपैकी एका सेवेत यंत्र हललं की फोन येतो, उचलेपर्यंत पुढच्या क्रमांकाला जातो. तिचा अलर्ट लावून तेच सगळं पुन्हा केलं. पहिला क्रमांक राखणदाराचा, दुसरा आप्पांचा, तिसरा माझा. राखणदार टॉर्च घेऊन पोहोचले तेव्हा रोटाव्हेटर जमिनीवरच होता.

उपकरणाची अचूकता, उपग्रहांची संख्या, ॲपचं रूप, या सगळ्यापेक्षा रात्री दोनला वाजणारा फोन मोठा. बाकी दोन्ही उपकरणं जवळपास सारखी असूनही निवड आज इथेच झाली.

वहीतला दुसरा आकडा, म्हणजे चोराला लागणारा वेळ, वाढवायचा उपाय तर अगदी जुना. शेडमधले चारही रोटाव्हेटर एकाच जाड साखळीत ओवून खांबाला कुलूप घातलं. साखळी ओढली की अवजार हलतं, अवजार हललं की फोन वाजतो, आणि साखळी कापायला चोराला आणखी वेळ लागतो. ट्रॅकरच्या तिजोरीतून साखळीला पैसे काढायला मंडळातले काहीजण नाखूश आहेत. माझ्या मते हे पैसे आधी खर्च व्हावेत.

३० सप्टेंबर

मंडळाची बैठक. एका सभासदाने रास्त मुद्दा मांडला: "कुणाच्या मळ्यात कोणत्या रात्री ब्लोअर फिरला हे साऱ्या गावाला दिसणार का?" ऑपरेटर दादांनीही विचारलं की चहाला थांबलो तरी हिशेब होणार का. दोघांची शंका खरी आहे. ठराव असा झाला: नकाशा पाहायचा अधिकार फक्त अध्यक्ष आणि अवजारे बँक प्रमुखाला, नोंदी तीस दिवसांनी पुसायच्या, पगार किंवा भाड्याच्या हिशेबासाठी त्या वापरायच्या नाहीत, आणि यंत्र नेताना सभासदाची लेखी संमती. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याआधी आपली माणसं आहेत.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. पूजेसाठी सगळी यंत्रं धुऊन शेडमध्ये एकत्र आली, असा योग वर्षात एकदाच. पूजा आटोपल्यावर नंबर पंचिंग आणि फोटोंचं काम उरकलं. दोन्ही ट्रॅक्टरना वायरचे ट्रॅकर बसले.

ट्रॅक्टरच्या जोडणीत एक काळजी घेतली. काही उपकरणं झोपेतही तीस मिलिअँपिअर खातात. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे पंचाहत्तर अँपिअर-तासांची बॅटरी पन्नासेक दिवसांत निम्मी. आमचे ट्रॅक्टर पावसाळ्यात बराच काळ उभे असतात. पाच मिलिअँपिअरच्या आत झोपणारं उपकरण घेतलं. वीज तोडली की लगेच अलर्ट येतो. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्याच चोरीला जायचं प्रमाण आपल्या भागात बरंच आहे, त्यासाठी हा अलर्ट स्वतंत्रपणे कामाचा.

२४ ऑक्टोबर

पाऊस लांबला, छाटण्या मागेपुढे झाल्या आणि डाऊनी (केवडा) रोगाच्या धास्तीने लोक रात्रीअपरात्री फवारणी करताहेत. रात्री हलला की अलर्ट, हा नियम ब्लोअरला कामाचा नाही. संध्याकाळी सर येऊन गेली की मध्यरात्रीही ब्लोअर बाहेर पडतो. दिवाळीच्या आठवड्यात राखणदारांना झोप मिळाली नाही.

घड्याळावर चालणारी पहारेदारी काढून टाकली. आता ती नोंदवहीला बांधली आहे. यंत्र शेडमधून नेताना सभासदाने वहीत सही केली की राखणदार फोनवरून त्या यंत्राचा पहारा उतरवतात. तेव्हापासून दर तासाला एक नोंद, फोन नाही. यंत्र परत आलं किंवा बांधावर मुक्कामाला ठेवलं की सभासदाने एक मिस कॉल द्यायचा, पहारा पुन्हा चालू. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला रोटाव्हेटर नेमका अशा बांधावरच्या मुक्कामात गेला होता, म्हणून ही शेवटची पायरी मी आग्रहाने ठेवायला लावली. याचा आणखी एक फायदा म्हणजे बॅटरी वाचते, दिवसभर चालणाऱ्या ब्लोअरचा ट्रॅकर मिनिटामिनिटाला जागा राहत नाही.

११ नोव्हेंबर

नव्या पद्धतीने खोटे फोन जवळपास थांबले. एकदा फोन वाजला तो खरा होता, पण चोरीचा नव्हता. सभासदाने सही न करता पहाटे ब्लोअर जोडला होता. राखणदार शेडपाशी हजर झालेले पाहून त्यांनाच बरं वाटलं. सही करायची राहिली म्हणून दंड लावावा असं कुणी म्हणालं. मी नको म्हटलं.

ब्लोअरच्या ट्रॅकरची पट्टी एका बाजूने सैल झाली होती, रबराची चकती घालून आवळली. बोर्डोचे डाग आहेत, गंज नाही.

१६ डिसेंबर

उरलेल्या यंत्रांची मागणी नोंदवली. रोटाव्हेटरना सेलवर चालणारे, ब्लोअरना तेच पण धुलाई सोसणाऱ्या खोक्यातले. ट्रॉल्यांना ट्रॅकर नाही, हुकाच्या पिनेला कुलूप. रिकाम्या ट्रॉलीला तेवढं पुरे. पहिल्या वर्षानंतर सिम आणि सर्व्हरचं शुल्क दरवर्षी भरावं लागेल. ते थकलं तर उपकरण बसलेलं असूनही मुकं होईल, म्हणून ही रक्कम यंत्राच्या भाड्यातच धरायचा ठराव मार्चच्या बैठकीत मांडायचा आहे.

श्रेडरचं अजून ठरलेलं नाही. त्याचं सगळं वरचं अंग जाड पत्र्याचं, आणि पात्याचा धक्का असा की नमुन्याचं उपकरण एका दिवसात निखळलं. वेल्डरशी बोललो आहे, टॉप लिंकच्या मागे रबरावर बसणारी पेटी करून देतो म्हणाले. एप्रिलच्या खरड छाटणीआधी ती बसवून पाहायची आहे.